नातीला आणायला विसरवाडीला गेले तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी निळी स्कूटर आहे. निळी म्हणायचे ते सवयीने, कारण रंग आता फक्त सीटच्या खाली उरला आहे.

पुण्याजवळच्या एका कारखान्यात मी तयार झाले आणि मालगाडीत बसून थेट हिमाचलात गेले. तिथे एका धरणाच्या कामावर हेमकांत पाटील नोकरीला होते. मूळचे नंदुरबारकडचे. त्यांनी मला घेतले. काय थंडी होती तिथे! सकाळी मला आधी एका कुशीवर कलंडवायचे, मग किका मारत बसायचे. तरीही मी घाट चढले, भाजी वाहिली, गॅसची टाकी वाहिली. त्यांची मुलगी रोहिणी तिथेच वाढली, शिकली आणि सुरतेला शिक्षिका झाली. शेजारीपाजारी म्हणायचे, "पाटीलजी, गाडी हो तो ऐसी." मी फुगून जायची.

हेमकांत निवृत्त झाले. त्यांच्या पत्नीचे, दीपमालाबाईंचे गुडघे थंडीने धरले होते. डॉक्टर म्हणाले, उबदार मुलखात जा. मग दोघांनी संसार ट्रकमध्ये भरला आणि नंदुरबारजवळच्या आपल्या गावी घर बांधले. मलाही आणले. इथल्या उन्हाने कमाल केली. महिनाभरात त्या गच्चीवर चढून मिरच्या वाळवू लागल्या, आणि शेजारच्या मीनाबाईंबरोबर पहाटे फिरायलाही जाऊ लागल्या.

माझे दिवस मात्र फिरले. घरात विजेवर चालणारी नवी गाडी आली. मी पत्र्याच्या छपराखाली उभी राहिले आणि शेजारच्या कोंबडीने माझ्या सीटवर बसायला सुरुवात केली. शेवटी हेमकांतांनी शहाद्याच्या प्रेमचंद भंगारवाल्याला सांगून टाकले, "ने एकदाची."

तो ज्या दिवशी येणार होता त्याच दिवशी घरात मोठी धामधूम होती. रोहिणीने लग्न केले नव्हते. पण कित्येक वर्षे वाट पाहून तिने एक मुलगी दत्तक घेतली होती, मोहिनी, चार वर्षांची. पहिल्यांदाच ती आजोळी येणार होती. दीपमालाबाईंनी आख्ख्या गल्लीला सांगितले होते. कोणी नाक मुरडले की त्या अहिराणीत ठणकावायच्या, "मन्ही नात शे. बाकीनं तुम्ही तुमनं देखा."

दुपारी फोन आला. रोहिणी रडवेली झाली होती.

"माय, आम्ही विसरवाडीले अडकनूत. पोरीले बसमा उलटी व्हयनी. आते ती कोणतीच गाडीमा चढत नही. माले परत सोडी ये, म्हनस."

"परत सोडी ये," म्हणजे जिथून आणले तिथे परत सोड, हे बाईंना कळले. त्या लगेच पदर खोचून उठल्या.

"चला, निघा."

नव्या गाडीचे चार्जिंग उतरले होते, सकाळपासून वीज नव्हती. गावातली जीप लग्नाला गेली होती. हेमकांतांनी माझ्याकडे पाहिले.

"हाई तठलोंग जाई का?"

"जाई. घाट चढेल शे ती. आठे तं सपाट रस्ता शे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी कोंबडीला हुसकले.

मित्रांनो, पेट्रोल पोटात गेल्यावर पहिल्याच किकेला मी सुरू झाले. मलाच खरे वाटेना! मिरच्यांच्या लाल पथाऱ्या मागे टाकत आम्ही निघालो. मागून बाई सारख्या म्हणत होत्या, "जरा जोरमा, जरा जोरमा."

विसरवाडीला हमरस्त्यावर एका चहाच्या टपरीपाशी रोहिणी उभी होती. बाकावर एक छोटी मुलगी टपरीचा खांब दोन्ही हातांनी धरून बसली होती. बाईंनी तिला जवळ घ्यायला हात पुढे केले. नाव विचारले, बिस्किट दिले. मुलीने तोंड खांबामागे लपवले. बाईंचे हात तसेच राहिले.

हेमकांतांनी काहीच विचारले नाही. ते माझ्या आरशावरची धूळ पुसू लागले. पुसता पुसता त्यांनी हॉर्न दाबला. माझा आवाज इतका घोगरा निघाला की टपरीवाला दचकला. खांबामागून एक डोळा बाहेर आला.

त्यांनी पुन्हा दाबला. मग बाजूला सरकून उभे राहिले.

ती हळूहळू आली. तिने बोटाने माझा हॉर्न दाबला. मी जीव तोडून ओरडले. ती हसली.

"मागे बसू या का? माझ्या मांडीवर?" रोहिणीने विचारले.

मुलीने नाही म्हणून मान हलवली आणि हँडलला धरून माझ्या पायपट्टीवर उभी राहिली. "आगळ," ती म्हणाली. गुजरातीत आगळ म्हणजे पुढे.

मागे एकीचीच जागा होती. बाईंनी रोहिणीची बॅग उचलली. "तू बैस पोरीजोडे. मी बसमा येस," त्या म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होते, पण चेहरा असा फुलला होता की विचारू नका.

आम्ही सावकाश निघालो. थोड्या वेळाने एक एसटी मागून आली. खिडकीतून बाई हात हलवत होत्या. मोहिनीने हँडलवरचा एक हात सोडून त्यांना हात केला आणि दुसऱ्याने हॉर्न दाबला. घर येईपर्यंत तिने तो सोडलाच नाही. संध्याकाळी प्रेमचंद आला, चहा प्याला आणि रिकामा परत गेला.

आता दर सुट्टीत मोहिनी येते. मला धुते, नको तिथेही तेल लावते. मला आवडते.

मित्रांनो, जुन्या गाडीला अधूनमधून पेट्रोल पाजा, एवढे तर मी मागणारच. पण आणखी एक सांगते. तुमच्या घरी कोणी नवे, घाबरलेले माणूस आले, तर त्याला लगेच नाव-गाव विचारू नका. थोडे बाजूला सरका. पुढे उभे राहायला त्याला जागा द्या.