जानकीबाईंची काळी चार

मित्रांनो, मी एक जुनी बाजाची पेटी आहे. नाहूरला, सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर, टीव्हीच्या बाजूला माझी जागा आहे. माझ्यावर कुणी चहाचा कप ठेवलेला मला अजिबात खपत नाही. स्वभावाने मी जरा कुरकुरीच आहे, माझ्या भात्यासारखी. पण आज कुरकुर नाही. आज मला जानकीबाईंबद्दल बोलायचं आहे. त्यांच्यामुळेच मी अजून वाजते आहे.

मला विकत आणलं ते भाऊंनी. भाऊ म्हणजे जानकीबाईंचे सासरे. ते गिरणीत कामाला होते आणि भजनाचे बुवा होते. त्यांच्या कोकणातल्या माणसांना डबलबारीचं भारी वेड. दोन बुवा समोरासमोर बसतात, भजनं म्हणता म्हणता एकमेकांना चिमटे काढतात आणि रात्र रंगवतात. भाऊ नेहमी चढ्या पट्टीत गायचे. पट्टी उतरवली तो बुवा हरला, असं त्यांचं ठाम मत होतं. पुढे त्यांची बोटं थरथरायला लागली आणि पेटी कुणाला द्यायची हा प्रश्न आला. दोन मुलगे होते, पण दोघांच्याही सुरांचा आनंदच होता. भाऊ म्हणाले, "पेटी सुनेक. झिलांक कान नाय."

अशी मी जानकीबाईंच्या हातात आले. माझं नशीब थोर, दुसरं काय म्हणू!

त्या एका हाताने भाता मारायच्या, दुसऱ्या हाताने सूर धरायच्या आणि पायाच्या अंगठ्यात पाळण्याची दोरी अडकवायच्या. पाळण्यात त्यांचा मुलगा सुबोध असायचा, कुकरच्या शिट्ट्या मोजायलाही त्याच. मुलं शाळेत जायला लागली तेव्हा वर्षभर मला कुणी उघडलं नाही. एका उंदराने माझा भाता कुरतडला. मी रुसले होते. जानकीबाईंनी खोका उघडला, ते भोक बघितलं आणि चक्क रडल्या. मग माझा रुसवा कसला टिकतो? भाता नवा झाला आणि मी पुन्हा गायला लागले.

पुढे त्यांनी सोसायटीतल्या बायकांना जमवलं. 'शेजारीण भजनी मंडळ' असं साधं नाव ठेवलं. दर गुरुवारी मुलुंडच्या एका हॉस्पिटलमध्ये सगळ्या जायच्या. आधी पेशंटच्या गावाकडून आलेल्या नातेवाइकांना घरचे डबे द्यायच्या, मग वॉर्डात दोन-चार भजनं म्हणायच्या. जानकीबाईंचा सा काळी चारला, म्हणजे माझ्या चौथ्या काळ्या पट्टीवर. बाईंचा आवाज तिथून असा वर जायचा की नर्सही हातातलं काम थांबवून ऐकायच्या. ती काळी पट्टी त्यांच्या बोटाने पार गुळगुळीत झाली.

मागच्या वर्षी जानकीबाईंच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. जीव वाचला. आवाज मात्र जाडाभरडा झाला आणि खाली उतरला. घरी आल्यावर त्यांनी मला उघडलं, काळी चार धरली आणि सा लावायला गेल्या. आवाज मध्येच फाटला. पुन्हा लावला, पुन्हा फाटला. त्यांनी माझा भाता बंद केला.

सुनेला म्हणाल्या, "ऋता, ही पेटी कुठल्यातरी शाळेला देऊन टाक. माझं गाणं संपलं."

"आई, थोड्या खालून गा ना," ऋता म्हणाली.

"पट्टी उतरवून? भाऊंच्या पेटीवर? नको गं."

त्यानंतर त्या गुरुवारी फक्त डबे भरून द्यायच्या. माझ्यावर चादर पडली. शाळेत जायचं या विचाराने माझे सूर थंडगार पडले होते. खरं सांगते, मी घाबरले होते.

एका बुधवारी दुपारी मंडळातल्या बायका घरात शिरल्या. सुनंदाने काही न विचारता चादर ओढली, मला पुढ्यात घेतलं आणि सूर धरला. काळी दोन.

"चुकलीस, सुनंदा," जानकीबाई आतून म्हणाल्या. "आपली काळी चार."

"माहितीये मला. तू ये इकडे बस."

"इतक्या खाली त्या अपूर्वाला जमणारे का?"

"जमतंय काकू," अपूर्वा म्हणाली. मंडळात सगळ्यात तरुण तीच, गळा एकदम चढा. "महिना झाला, माझ्याकडे तालीम चाललीये. खालचा सूर लावताना म्हशीसारखा आवाज येतो माझा, पण जमतंय."

सगळ्या हसल्या. जानकीबाई हसल्या नाहीत. "भाऊ असते तर म्हणाले असते, हरली."

ऋता म्हणाली, "आई, भाऊंसमोर दुसरा बुवा असायचा. हॉस्पिटलात आपल्याला कुणाला हरवायचंय?"

जानकीबाईंनी पदराला हात पुसले. मग माझ्याजवळ आल्या आणि हळूच सा लावला. आवाज खरखरला, पण फाटला नाही. बाकीच्यांनी तोच सूर धरला. मला इतका आनंद झाला की माझा भाता फुटतो की काय, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही वॉर्डात गेलो. पहिल्या ओळीला जानकीबाई घाबरत होत्या. दुसऱ्या ओळीला कोपऱ्यातल्या खाटेवरून एक घोगरा आवाज आला. मग शेजारच्या खाटेवरून दुसरा. थोड्या वेळाने अर्धा वॉर्ड गात होता. इतकी वर्षं ही माणसं नुसती ऐकायची. मला वाटायचं, ती आमच्या गाण्यात गुंग होतात. त्या आजारी गळ्यांना काळी चार झेपतच नव्हती, हे ना मला कळलं ना बाईंना.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी पेटी असेल तर तिला चादरीखाली कोंडू नका. आणि घरात कुणाचा आवाज खाली आला असेल, तर त्याला वर ओढू नका. तुम्ही खाली उतरा.

निघताना कोपऱ्यातल्या त्या आजोबांनी जानकीबाईंना हाताने थांबवलं.

"ताई, पुढच्या गुरुवारी पण इथूनच धरा हां. वर नेऊ नका. आम्हाला पण म्हणायचंय."