दादा खिडकीतून पळाला नाही

माझा दादा तुरुंगात आहे आणि त्याने तुरुंगावर कादंबरी लिहिली आहे. घरी असताना त्याने वाढदिवसाच्या शुभेच्छांच्याही कधी दोन ओळी लिहिल्या नव्हत्या. कादंबरीत एक माणूस कोठडीत बसलेला असतो. शेवटच्या पानावरही तो बसलेलाच असतो. समीक्षकांना हे फार आवडलं.

मग एक दिग्दर्शक घरी आला. सिनेमाचे हक्क प्रकाशकाने आधीच विकले होते, त्यामुळे आईला विचारणं हा निव्वळ शिष्टाचार होता.

"मावशी, सगळं जसंच्या तसं घेणार. फक्त शेवटी तो पळून जाईल."

"कसा पळेल? दार बंद असतं."

"खिडकीतून."

"केवढीशी खिडकी ती! त्याचं नाकसुद्धा जाणार नाही त्यातून."

"मोठी करू ना, मावशी."

सिनेमा जोरात चालला. पळण्याच्या दृश्याला लोक शिट्ट्या मारायचे. आई मात्र पदर डोळ्यांना लावून बसली. म्हणाली, "तिथे तरी सुटला."

त्याच सुमारास दादाचा लवकर सुटकेचा अर्ज निकालाला आला. आम्ही निर्धास्त होतो. दादाची वर्तणूक इतकी चांगली, की डास मारण्याआधीही तो त्याला एक संधी द्यायचा. सुनावणीला आई आणि मी गेलो, तर टेबलामागे तीन अधिकारी बसले होते. मधल्या साहेबांनी सिनेमा दोनदा पाहिला होता.

"तुमच्या मुलाच्या डोक्यात पळून जायचं आहे," ते आईला म्हणाले.

"साहेब, पुस्तकात तो पळत नाही," मी म्हणालो.

"पुस्तक कोण वाचतं?"

"पण ते दिग्दर्शकाच्या डोक्यातलं आहे!"

"असेल. पण दिग्दर्शक आमच्या ताब्यात नाही. जो ताब्यात आहे, त्याच्याबद्दलच आम्ही निर्णय घेऊ शकतो."

आईने विचारलं, "अहो, पण एवढी मोठी खिडकी आहे कुठे तुमच्याकडे?"

"आता लहानही नाही," साहेब म्हणाले. खबरदारी म्हणून त्यांनी दादाची खिडकी विटांनी बुजवली होती.

अर्ज फेटाळला. पुन्हा कधी करायचा, विचारलं, तर म्हणाले, लोक सिनेमा विसरल्यावर.

"म्हणजे किती वर्षं?"

साहेबांनी प्रामाणिकपणे विचार केला. "सिनेमा चांगला आहे हो," ते हळहळून म्हणाले.

पुढच्या भेटीला मी एकटाच गेलो. जाळीपलीकडे दादा चक्क खुशीत होता.

"बारक्या, आम्हाला सिनेमा दाखवला! चादर बांधून! काय माणूस आहे रे तो दिग्दर्शक, एक अक्षर बदललं नाही. शेवटी तो बसलेलाच. आभार सांग त्याला माझे."

कैद्यांना पलायन दाखवणं नियमात बसत नव्हतं. तेवढा भाग तुरुंगवाल्यांनी कापला होता.

"बाकीच्यांना आवडला?"

"अर्धे झोपले. अस्सल कलाकृती आहे." मग त्याने आवाज खाली आणला. "पण अर्ज का फेटाळला रे? खिडकीपण बुजवली. दिवसासुद्धा काही दिसत नाही आता, लिहिणं बंद झालंय. मी केलं तरी काय?"

काहीतरी थाप मारावी म्हणून मी तोंड उघडलं. एकही सुचली नाही. आमच्या घरात रचून लिहिणारा तोच.

"तू पळालास, दादा."

तो मोठ्याने हसला. पहारेकरी दोन पावलं पुढे आला. मी हसत नाही हे बघून दादा थांबला.

"कुठे पळालो?"

"माहीत नाही. तू भिंत ओलांडलीस की लगेच श्रेयनामावली सुरू होते."