मागे जाणारा बाण

"सर, तुमच्या साइटवरची प्रत्येक लिंक नव्या खिडकीत का उघडते?"

भर सभागृहात उभं राहून, खणखणीत आवाजात मी हे विचारलं! भोंगा आणि चिमटी, माझ्या दोन मैत्रिणी, मधल्या सुट्टीत म्हणाल्या होत्या, "विचारून दाखव. तुझी छातीच नाही होणार." गेल्या वर्षी खरंच झाली नसती. पण वक्तृत्वात बक्षीस मिळाल्यापासून माझी जीभ काही आवरत नव्हती.

यातली गोम अशी, की मंचावरचे 'सर' म्हणजे माझा बाबा होता. घरी मी त्याला अरे-तुरे करते.

शाळेची नवी वेबसाइट बाबाने केली होती आणि आज तो ती सगळ्यांना दाखवत होता. मुख्याध्यापिकाबाई हो म्हणाल्या तर ती सुरू होणार, नाही म्हणाल्या तर उन्हाळाभराची मेहनत पाण्यात. मला ठाऊक होतं सगळं. पण वाटलं, एवढासा प्रश्न, बाबा चुटकीसरशी उडवून लावेल.

'सर' ऐकून बाबाची भुवई जी वर गेली ती खाली येईचना.

"म्हणजे... आलेला माणूस आपल्याकडेच राहावा म्हणून," तो अडखळत म्हणाला. "तो दुसऱ्या साइटवर गेला तरी आपलं पान मागे उघडंच असतं. परतायला सोपं."

"बघू तरी," म्हणत बाई लॅपटॉपपाशी आल्या. त्या जे करतील ते मागच्या पडद्यावर मोठ्ठं दिसत होतं. त्यांनी बसच्या वेळापत्रकावर क्लिक केलं. नवी खिडकी उघडली. मग मागे जायचा बाण दाबला. बाण ढिम्म. पुन्हा दाबला.

"अहो, हा बाण मेलाय का?"

"नाही बाई, नव्या खिडकीला मागचं काही नसतं. ती बंद करा, म्हणजे..."

बाईंनी फुली दाबली आणि घाईघाईत आणखी एकदा दाबली. साइटच गायब! पडद्यावर उरला बाबाच्या लॅपटॉपवरचा फोटो: बाबाच्या खांद्यावर बसलेली, पुढचे दात पडलेली मी.

"अगं बाई, सर तिला खांद्यावर घेतात!" भोंगा ओरडली. हशाच हशा.

बाई मात्र हसल्या नाहीत. "हे सोपं? सोमवारी पुन्हा दाखवा. मग ठरवू."

घरी येईपर्यंत बाबा पुढे, मी मागे. दार उघडताच आईने विचारलं, "काय म्हणाल्या बाई?"

"विचार तुझ्या लेकीला."

मी सांगितलं. आईने साइटसाठी काढलेली चित्रं टेबलावर पसरली होती, ती गोळा करायला लागली.

"बाबा, मी सगळ्या लिंका त्याच खिडकीत उघडायला लावते. आत्ता!"

"सगळ्या?" त्याने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. "प्रवेशाचा अर्ज भर. आता मधली नियमांची लिंक त्याच खिडकीत उघड. हं, ये परत."

आले. नाव, पत्ता, सगळं कोरं! भरलेला अर्ज पुसला गेला होता.

"अय्या! म्हणजे इथे नवी खिडकीच हवी! अरे, मग हे तिथे का नाही सांगितलंस?"

"सांगणार होतो," बाबा म्हणाला. "प्रश्न बरोबरच होता तुझा. पण तू 'सर' म्हणालीस ना, तेव्हा वाटलं, तूही पलीकडची झालीस. डोक्यातलं सगळं उडालं बघ."

आईचा हात चित्रांवरच थांबला होता. मी खुर्ची सरकवून उभी राहिले, वक्तृत्वाला राहते तशी.

"ऐका दोघंही. मी ठरवलंय. सोमवारी मीही मंचावर येणार. बाकी सगळ्या लिंका त्याच खिडकीत. अर्जातली तेवढी नव्या खिडकीत, आणि तिच्या शेजारी तसं लिहायचं. लॅपटॉप तू चालवायचास, बोलणार मी. आणि बाईंच्या समोर, भोंग्याच्या समोर, तुला बाबाच म्हणणार. तेही अरे-तुरे करून!"