रिकाम्या स्क्रीनचा सूड

“या मेल्या कीबोर्डचं काय करू आता!” अगदी माझ्या अंगावर वाकून कोणीतरी पुटपुटलं.

मित्रांनो, तो मेला म्हणजे मी. रुग्णालयाच्या औषध-भांडारातला एक जुना, पिवळट पडलेला कीबोर्ड. पुटपुटत होत्या आमच्या ताई. वर्षानुवर्षं त्यांची बोटं माझ्यावर फिरली आहेत, म्हणून त्यांचं एवढं ऐकून घेतो. बाकी कोणाचं नाही. मी डूख धरणाऱ्यांतला आहे.

माझा जन्म एका टर्मिनलसाठी, म्हणजे दूरच्या मुख्य यंत्राला जोडलेल्या स्क्रीनसाठी झाला. माझ्या उजव्या कोपऱ्यात ‘पाठवा’ असं लिहिलेलं जाड बटण आहे. वॉर्डांची मागणी टाइप करून ताई ते दाबायच्या, मागणी मुख्य यंत्राकडे जायची आणि स्क्रीन रिकामी व्हायची. रिकामी स्क्रीन म्हणजे काम फत्ते! तेवढ्यात ताई चहाचा घोट घ्यायच्या.

मग टर्मिनल भंगारात गेलं आणि त्याचं सोंग घेणारा कॉम्प्युटर आला. या सोंगाला एम्युलेशन म्हणतात. ताईंच्या हट्टामुळे मी तेवढा राहिलो. पण समोर कोणता कीबोर्ड आहे, हे त्या सोंगाड्याला आधी सांगावं लागतं. ते काम भांडाराच्या साहेबांच्या मेव्हण्याकडे होतं. बिचारा कीबोर्डांच्या यादीत माझं नाव शोधत होता, तोच साहेबांनी माउस हिसकावला.

“कीबोर्ड म्हणजे कीबोर्ड! स्थळं काय बघत बसलायस?” असं म्हणून त्यांनी पहिल्याच नावावर क्लिक केलं.

त्या दिवसापासून माझं ‘पाठवा’ म्हणजे सोंगाड्याच्या लेखी ‘पुसा’. पुसल्यावरही स्क्रीन रिकामीच होते. ताईंना कळणार कसं? वॉर्डांत बँडेज पोचेनात, बोलणी मात्र ताईंना. “ताई, कीबोर्डला कशाला नावं ठेवता? वय झालंय तुमचं,” साहेब सगळ्यांदेखत म्हणाले. मेव्हणा जाणून होता, पण बहिणीच्या संसाराकडे बघून गप्प राहिला. बाकीचेही ओळखून होते. ते आपापल्या चपला न्याहाळत बसले.

मी मनात म्हटलं, साहेब, कधीतरी माझ्या तावडीत याल ना!

आणि ते आले. ताईंना कामावरून काढण्याची शिफारस मुख्य कार्यालयाला पाठवायला स्वतः ताईंच्या खुर्चीत बसले. भराभर टाइप केलं, ऐटीत ‘पाठवा’ दाबलं. स्क्रीन रिकामी. मुख्य कार्यालयाला फोन केला, “मिळालं?”

“नाही बुवा.”

पुन्हा टाइप केलं. पुन्हा रिकामी. तिसऱ्यांदा त्यांच्या कपाळावरचा घाम माझ्यावर टपकला. काय सांगू, गार वाटलं! मी काही खोडी केली नाही हं. त्यांनीच दिलेलं नाव इमानेइतबारे निभावलं. मित्रांनो, कोणाच्या हाताला दोष देण्याआधी त्या हातात आपण काय दिलंय, तेवढं बघत जा.

“हा कीबोर्डच बिघडलाय!” साहेब ओरडले.

“मग मी इतके दिवस काय सांगत होते, साहेब?” ताई हळूच म्हणाल्या.

सगळे पुन्हा चपलांकडे बघू लागले. तेव्हा टेबलाखाली वायरी तपासत बसलेला मेव्हणा गुडघे झटकत उभा राहिला.

“दाजी, कीबोर्ड ठीक आहे. ताईही ठीक आहेत. चूक तुमची आहे.”