व समस्त मित्र परिवार

"माह्यं नाव टाकलंस ना वं?" वॉकर भिंतीला टेकवत देवाजीनं पुन्हा विचारलं.

"टाकते ना बाबा."

"पूर्ण टाक. देवाजी गजभिये. नुसतं देवाजी नको."

पायलनं माऊस सरकवला. प्रताप नगरात घराच्या पुढच्या खोलीतच तिचं फ्लेक्स डिझाइनचं दुकान होतं. समोर स्क्रीनवर वस्तीचे पुढारी बाबारावभाऊ दात दाखवत, हात जोडून उभे होते. उद्या भाऊंचा वाढदिवस. निवडणूक तोंडावर आलेली, म्हणून यंदा हुकूम सुटला होता की शुभेच्छुकांत झाडून सगळ्यांची नावं हवीत.

देवाजीनं उभी हयात भाऊंचे फ्लेक्स खांबांवर बांधण्यात घालवली. वाढदिवस असो, पोळा असो की कुणाची श्रद्धांजली, दोरी देवाजीच्याच हातची. नाव मात्र कधी आलं नाही. तो असायचा सगळ्यात खाली, 'व समस्त मित्र परिवार' यात. एकदा धीर करून त्यानं विचारलं, तर भाऊंनी पाठीवर थाप मारली. "परिवारात कोण नाव पाह्यते गा, देवाजी!" हा गडी त्या थापेवरच खूश. गेल्या वाढदिवसाला तो खांबावरून पडला आणि खुबा मोडला. भाऊ दवाखान्याकडे फिरकलेही नाहीत. फ्लेक्स मात्र दुपारच्या आत दुसऱ्या कुणीतरी बांधला.

पायल हे विसरली नव्हती. विसरणाऱ्यांतली ती नव्हतीच. राग तिनं लोणच्यासारखा वर्षभर मुरवला होता.

"त्या माणसासाठी काहून जीव टाकून राहिले बाबा तुम्ही? आला होता का तो तुम्हाले पाह्यले?"

"त्याले कामं असतात वं. चौकातले लोकं मले वाचतील, एवढंच. तू टाक ना."

बाप आत गेला तसं तिनं दार लोटून घेतलं. नावं व्हॉट्सअ‍ॅपवरून यायची, ती एकेका ओळीत भरायची. पुढचं काम तिनं स्वतः लिहिलेला छोटा प्रोग्रॅम करायचा. नावांची यादी उचलायची, दोन नावांच्या मध्ये एक चांदणी ठेवायची आणि सगळ्यांचा मिळून एकच सलग मजकूर जोडायचा. ती चांदणी प्रोग्रॅममध्ये दोन अवतरणचिन्हांच्या आत बसलेली होती. पायलनं ती खोडली. आजूबाजूची मोकळी जागाही खोडली; आता सगळी नावं एकमेकांना चिकटणार होती. बापाचं नाव तिनं यादीत घातलं होतं, पूर्ण, सांगितलं तसं. ते त्या गर्दीत चिरडणार हे तिला दिसत होतं. चिरडू दे, ती मनाशी म्हणाली. असल्या फ्लेक्सवर वाचलं जाण्यापेक्षा ते बरं.

डिझाइन भाऊंकडे गेलं आणि निरोप आला: फोटो आणखी मोठा करा. नावं कुणी वाचलीच नाहीत. वाचणार नाहीत, यावर तर तिचा सगळा डाव होता. त्या रात्री तिला फार छान झोप लागली.

सकाळी चौकात तमाशा झाला. फ्लेक्सवर 'विलास ढोबळेमनोहर ठवकरसुरेश बावणे' असं एका दमात शेवटपर्यंत. ठवकर मोबाइल उंचावून स्वतःला शोधत होते. ढोबळे आपल्या जावयाला नाव दाखवायला आले होते, ते हिरमुसून परतले. "आमची एवढीच किंमत का?" म्हणून दोघंतिघं भाऊंच्या घरी केक न खाताच निघून गेले.

भाऊ हारासकट दुकानात आले.

"काय करून ठेवलं वं हे? नावं कुठं आहेत?"

"सगळेच आहेत भाऊ. एकही सोडलं नाही."

"कोणाचं कुठं संपते तेच समजत नाही!"

"परिवारात कोण नाव पाह्यते, भाऊ? माह्या बाबाले तुम्हीच सांगतलं होतं."

भाऊंचं तोंड पाहण्यासारखं झालं. "तुह्यं दुकान कसं चालते तेच पाह्यतो आता," एवढं बोलून ते गेले. पायल खुर्चीत मागे रेलली. जिवाला थंडावा म्हणतात तो हाच, असं तिला वाटलं. मग बापाला ही गंमत सांगायला ती आत गेली, तर खाट रिकामी होती.

देवाजी चौकात, फ्लेक्सखाली, वॉकर धरून उभा होता. इस्त्रीचा शर्ट घातलेला. मान वर करून करून त्याचा चेहरा लाल झाला होता.

"डोळ्याचा नंबर वाढला वाटते वं माह्या. अक्षरच लागून नाही राहिलं. तू वाच."

"घरी चला बाबा. तुमच्यासाठी मी वेगळा छापते. तुमच्या एकट्याचा."

"एकट्याचा कायले? वाच."

आता सुटका नव्हती. बापासाठी दवाखान्याची पायरी न चढलेल्या त्या एकेकाचं नाव तिला सोडवून, सावकाश उच्चारावं लागलं.

"विलास ढोबळे."

"हं. पोरीचं लग्न झालं त्याच्या."

"मनोहर ठवकर."

"हं."

"सुरेश बावणे."

"हं. चांगला माणूस."

रस्त्यावरचे दोघं थांबून ऐकू लागले. पायलला रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं. वाचत वाचत ती तिथवर पोचली.

"देवाजी गजभिये."

वॉकरवरचा एक हात काढून बापानं शर्टाचं वरचं बटण लावलं.

"थांबली काहून?" तो म्हणाला. "बाकीचेही वाच."