ज्या घरात वर्ग भरायचा

फुलचूरच्या दुलीचंद पाटलांच्या घरात भगिनी मंडळाची सेवा पिढीजात होती. त्यांच्या आईने, पुष्पाबाईंनी, मंडळ काढलं. बायकोने, सुशिलाबाईंनी, ते चालवलं. दर बुधवारी दुपारी ओसरीवर बायांचा लिहिण्यावाचण्याचा वर्ग भरे. १९३८ साली सुशिलाबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि रिवाजाप्रमाणे खडू सुनेकडे, शामकलेकडे आला. अडचण एवढीच होती, की शामकलेला वाचता येत नव्हतं.

हे कोणाला ठाऊक नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं. लग्न होऊन सहा वर्षं झाली, वर्ग घरातच भरतो, म्हणजे अक्षरं भिंतीतून झिरपून सुनेपर्यंत पोचलीच असणार, असा सगळ्यांचा समज. त्या सहा वर्षांत दर बुधवारी शामकला दाराआड चुलीपाशी असे. वर्गातल्या तीस बायांना चहा आणि मुरमुऱ्याचा चिवडा लागे.

तिने दोनदा नाही म्हणून पाहिलं. सासूला वाटलं, लाजते. सासऱ्यांनी घराण्याच्या इज्जतीबद्दल सांगितलं आणि जेवायला वाढ म्हणाले.

बुधवार आला. शामकला फळ्यापुढे उभी राहिली, डोळे मिटले आणि सुरू झाली. दाराआडून ऐकलेला सगळा धडा तिला तोंडपाठ होता! बाया चकित झाल्या. सुशिलाबाईंची मान अभिमानाने हलू लागली. फक्त शामकलेने जसं ऐकलं तसंच पाठ केलं होतं.

"क कमळाचा. ख खडूचा. सत्यभामा, पाटी पुसू नको. ग गवताचा. कोणी ती म्हैस हाकला रे. घ घराचा. शामकला, चहा टाक."

एवढं बोलून ती आज्ञाधारकपणे आत गेली आणि तिने चहा टाकला.

ओसरी हसून लोटपोट झाली. हसली नाही ती एकटी बायजाबाई. ही गोंडाची बाई जंगलातून मोळी आणून विके आणि तीन वर्षांपासून वर्गाला येई. ती आत गेली, शामकलेला हाताला धरून बाहेर आणलं आणि माझं नाव फळ्यावर लिही म्हणाली. शामकला खडूकडे बघत राहिली. मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि सगळ्यांना कळलं.

दुलीचंद पुटपुटले, की पोरीने घराची शोभा केली.

"पोरीनं नाही, पाटील, तुमी केली," बायजाबाई म्हणाली. मग सुशिलाबाईंकडे वळली. "काऊन वो मास्तरीनबाई, तुमी गावच्या बायायले शिकवून राहिल्या, अन् घरच्या सुनेले चुलीम्होरं बसवून राहिल्या? आमी तिच्या हातचा चहा पेऊन शिकलो. तिनं कवा शिकाचं? आमीबी कपबशी तिच्याच हाती देल्ली. आमचाबी दोष हाय."

सुशिलाबाई जागेवरून उठल्या. मग चाचपडत सुनेजवळ गेल्या. "मोतीबिंदू तर औंदा आला, शामकला," त्या म्हणाल्या. "तू मले सहा वर्षांपासून दिसली नाही."

पुढच्या बुधवारी फळ्यापाशी बायजाबाई उभी होती. शामकला पाटी घेऊन पहिल्या रांगेत बसली होती. चहाचं काम सुशिलाबाईंनी नवऱ्याला लावून दिलं. दुलीचंदांना पंचावन्न वर्षांत पहिल्यांदाच आपलं स्वयंपाकघर आतून दिसलं. त्यांनी चहा तासभर उकळला आणि साखर समजून मीठ घातलं. तीस बायांनी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला आणि बरा झाला म्हणून सांगितलं.

शामकलेने त्या दिवशी 'श' काढला. सुशिलाबाईंनी तो बोटाने चाचपून पाहिला, त्यात तो अर्धा पुसला गेला. शामकलेने पुन्हा काढला.

वाचकहो, तुमच्याही घरात समाजसेवेची अशी एखादी थोर परंपरा असेल. ती जरूर चालवा. पण ती चालू असताना दाराआड कोण उभं आहे, ते एकदा उठून बघा. तिला बाहेर बोलवा, आणि चुलीपाशी जागा रिकामी झाली म्हणून दुसरी बाई शोधू नका. आपण जाऊन बसा.