कुणी मरत नाही अशी वाट

“हलव की जोरात! बरणीला काय अंगाई म्हणतोस?”

चौथीच्या वर्गात सायीच्या बरण्या हातोहात फिरत होत्या. नेब्रास्कातल्या त्या गावात आर्डिस हाल्वरसनबाई दर वसंतात पहिल्या वसाहतकऱ्यांचं जगणं मुलांना असंच जगायला लावत. आधी लोणी, मग मेणबत्त्या, शेवटी त्या लोकांच्या पश्चिमेकडच्या प्रवासाचा खेळ, बाकांवर वाट मांडून. दोघांमागे खोक्याची एक बैलगाडी. चिठ्ठी काढायची: चाक मोडलं, नदीला पूर आला, पटकीनं माणूस गेलं.

यंदा बाईंनी मरणाच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या होत्या. हिवाळ्यात तळ्यावरचा बर्फ फुटून कर्टिस बुडाला होता. त्याची जुळी बहीण मार्नी याच वर्गात होती. तिच्या गाडीला जोडीदार म्हणून बाई स्वतः बसल्या.

अर्धी वाट सरली तशी मार्नीनं उरलेल्या चिठ्ठ्या उलगडून पाहिल्या.

“बाई, यंदा कुणीच मरत नाही?”

“नाही गं.”

“पाचवीतली मुलं म्हणाली, मरतात. माझ्यामुळे त्या चिठ्ठ्या काढून टाकल्यात ना?”

बाईंना खोटं बोलवेना. “हो.”

“तेव्हा मेलेल्याचं काय करायचे ते लोक?”

“वाटेतच पुरायचे. वरून गाड्या न्यायचे, लांडग्यांना माग लागू नये म्हणून.”

“खूण नाही ठेवायची?”

“बहुतेकदा नाही.”

“आणि मग?”

“मग पुढे जायचे. बर्फ पडायच्या आत पोचावं लागे.”

मार्नीनं मान डोलावली आणि गाडी पुढे ढकलली. तिला जवळ घ्यावं असं बाईंना फार वाटलं. हात पुढे झालाच नाही.

शाळा सुटल्यावर तिची आई लव्हॉन न्यायला आली.

“काय शिकलीस आज?” विचारायचं म्हणून तिनं विचारलं.

“मेलेल्याची खूण ठेवायची नसते. पुढे जायचं असतं. बाईंनी सांगितलं.”

लव्हॉननं बाईंकडे पाहिलं. “तुम्ही? सगळे म्हणतात तेच तुम्हीसुद्धा?”

“लव्हॉन, अगं, मी त्या काळच्या लोकांचं...”

“असू दे.” तिनं मुलीच्या कोटाची बटणं लावली, एकूणएक चुकीच्या काजात, आणि तिला घेऊन गेली.

बाई खिडकीशी उभ्या राहिल्या. लव्हॉनची मोटार सुरू झाली, पण जागची हलली नाही. बाहेर लख्ख ऊन होतं, आणि मोटारीच्या कोरड्या काचेवर वायपर फिरत होते.